लिहायचा लॅपटॉप

निवृत्तीच्या समारंभात मी माइकवर खोटं बोलले. अंगावर शाल, हातात नारळ, समोर तीस वर्षांत शिकवलेली पोरं आणि त्यांची पोरं. कुणीतरी विचारलं, "बाई, आता पुढं काय?" अशा वेळी लोकांना देवदर्शन, नातवंडं, फार तर शेती असं काहीतरी ऐकायचं असतं. मला यातलं एकही सांगायचं नव्हतं, आणि खरं सांगायची छाती नव्हती. म्हणून म्हणाले, "आता एक लॅपटॉप घेणार आणि आठवणी लिहिणार." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या त्या आमच्या ह्यांनी.

लॅपटॉप घ्यायचा होता हे खरं. पण लिहायला नाही. मला बस चालवायची होती.

आमची शाळा खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर. दोन वर्ग, एक ऑफिस, आणि मी तिथली मोठी बाई. शाळा सुटायची पाचला आणि जामखेडला जाणारी एसटी यायची पावणेसहाला. ऑफिसात एक संगणक होता. तो दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना त्यात एक गेम ठेवून गेला. डोंगरातल्या रस्त्यानं प्रवासी बस चालवायची, थांब्यावर माणसं घ्यायची, वेळेत पोचायचं, इतकंच. हा असला पोरखेळ शाळेच्या संगणकात नको म्हणून पुसायला उघडला. आधी बघावं तरी काय आहे म्हणून एक फेरी मारली. मग तो पुसला गेलाच नाही. शेवटची सहा-सात वर्षं पाच ते पावणेसहा मोठ्या बाई दार लोटून घेऊन फार महत्त्वाचं काम करत, असं सगळी वस्ती समजत होती.

आमचे हे एसटीवर ड्रायव्हर होते. ती पावणेसहाची गाडी पुष्कळदा त्यांचीच असायची. त्यांचा हॉर्न वाजला की मी माझी बस कडेला उभी करायची, संगणकावर कव्हर घालायची आणि त्यांच्या बसमध्ये केबिनच्या सीटवर जाऊन बसायची. खर्डा ते जामखेड हा रस्ता मी पुढच्या काचेतून इतक्यांदा पाहिलाय, की कुठल्या वळणावर कुणाच्या म्हशी आडव्या येतात तेही सांगेन. स्टिअरिंगला मात्र कधी बोट लागलं नाही. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी एकदा मी स्कूटर शिकते म्हणाले होते. "घरात एक डायवर बास हाय," ते म्हणाले. रागावून नाही, हसून. रागावले असते तर मीही भांडले असते आणि स्कूटर शिकले असते. हसण्यापुढे काय बोलणार? राहून गेलं.

माझ्या आधी दोन वर्षं हे निवृत्त झाले. एकही अपघात नाही, याचं प्रशस्तिपत्र बैठकीत लावलंय. त्यामुळे मी निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे वेळच वेळ होता, आणि लॅपटॉप निवडायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. गाडी ताब्यात घ्यायच्या आधी चारी बाजूंनी फिरून बघायची त्यांची सवय. तसे ते या कामाला लागले. मेडिकलवाला, पोस्टातला माणूस, स्टँडवरचा चहावाला, सगळ्यांना विचारून झालं. ज्याला विचारावं तो आधी विचारायचा, कशासाठी पाहिजे? की हे छाती फुगवून सांगणार, "बाई पुस्तक लिवनार हायेत." आठवड्याभरात जामखेडभर झालं. बाजारात भाजीवाली मला कोथिंबीर जास्त द्यायला लागली. म्हणाली, "बाई, माझं बी नाव घाला की पुस्तकात."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. एक खोटं लपवायला दहा खोटी लागतात, हे मीच फळ्यावर लिहिलं होतं.

खरेदीला आम्ही नगरला गेलो. दुकान एक चाळिशीची बाई चालवत होती. डोक्याला स्कार्फ, नाकावर चष्मा, बोलणं चटपटीत. येणारेजाणारे तिला आपा म्हणत होते. तिनं आधी एकही लॅपटॉप दाखवला नाही. आधी प्रश्न. "काकू, यावर काय काय करणार ते सांगा. मग मी सांगते कोणता घ्यायचा ते. लोक उलटं करतात."

"लिहिणार," मी म्हणाले.

"आणखी? फोटो, पिक्चर, व्हिडिओ कॉल?"

"तेही थोडंफार."

"गेम?"

मी तोंड उघडलं होतं. पण हे खो खो हसले. "गेम? आवो, मोठ्या बाई हायेत त्या शाळेच्या!"

मीही हसले. हसण्यापुढे पुन्हा एकदा राहून गेलं. आपानं चष्म्यावरून माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि एक हलका, चपटा, चंदेरी लॅपटॉप काढला. लिहायला, बघायला, सरकारी कामाला हा पुरे. बॅटरी दिवसभर टिकते, वजन पाटीइतकं. मग काही सुचल्यासारखं करून तिनं शेजारच्या एका काळ्या लॅपटॉपवर हात ठेवला. "हा थोडा जड आहे. याच्यात ग्राफिक्स कार्ड वेगळं, रॅम दुप्पट, पंखा मोठा. रोजचं काम करून कधीमधी विरंगुळा म्हणून खेळणाऱ्यांना मी हा देते."

ह्यांनी दोन्ही उचलून बघितले. "हलका बरा. लिवायला कशाला एवढा पंखा?"

आम्ही चंदेरी घेतला. आठ दिवसांत काही वाटलं तर बदलून देईन, असं आपा माझ्याकडेच बघून म्हणाली.

घरी आल्यावर लॅपटॉपची पूजा झाली. नवी गाडी आली की ह्यांच्या हातून जे जे व्हायचं ते सगळं झालं. झाकणावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक, हार, दारात नारळ. चाकाखाली लिंबू ठेवायचं असतं, इथं चाक नव्हतं म्हणून ते राहिलं. मीही काही कमी नाही. आमच्या घरात मिक्सरला झबलं आहे, टीव्हीला पडदा आहे, मग नवा लॅपटॉप नुसता टेबलावर कसा ठेवायचा? जुन्या मऊ साड्यांचे पाच थर घालून मी त्याला एक छोटी गोधडीच शिवली. बारीक टाके, कडेला जांभळी पट्टी. तिच्यावर तो अगदी बाळंतिणीच्या बाळासारखा विराजमान झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे स्टँडवर गप्पा मारायला गेले, तशी मी दार लोटलं आणि तोच गेम नव्या रूपात उतरवून घेतला. काय सांगू, पाऊस दिसतो, वायपर फिरतात, प्रवासी जांभया देतात! मी गाडी काढली. सपाटीला बरी चालली. घाट लागला आणि चित्र अडखळायला लागलं. स्टिअरिंग आज फिरवावं तर बस उद्या वळणार. तिसऱ्या वळणावर सगळं गोठलं, आणि गोठलं तेव्हा माझी बस अर्धी रस्त्यावर, अर्धी दरीवर होती. खालून लॅपटॉप तव्यासारखा तापला होता.

असे पाच दिवस गेले. रोज संध्याकाळी हे विचारायचे, "किती पानं झाली?" मी म्हणायची, दोन झाली, तीन झाली. सहाव्या दिवशी ते लवकर परतले. मी झाकण मिटलं, पण त्यांनी सहज म्हणून वर हात ठेवला आणि चमकले. इंजिन तापलेलं त्यांना कळणार नाही तर कुणाला?

"लिवून एवढं गरम?" ते म्हणाले. "ह्यात काय तरी फॉल्ट हाय. उद्या नगर."

दुसऱ्या दिवशी नगरची बस धरली. आष्टी गेलं, कडा गेलं, सांगायचं सांगायचं म्हणता म्हणता नगरचा स्टँड आला. शेजारी हे लॅपटॉप गोधडीसकट मांडीवर घेऊन बसले होते.

आपानं गोधडी बघितली आणि ओठ दाबून धरले. लॅपटॉप उलटा करून तिनं खालच्या फटी दाखवल्या. "काकू, हा इथून श्वास घेतो. तुम्ही त्याचं नाक दाबलं होतं. खाली कापड ठेवायचं नाही, इतकंच."

"म्हंजे फॉल्ट न्हाई?" ह्यांनी विचारलं.

"नाही. लिहायला काही अडचण यायची नाही." असं म्हणत तिनं मशीन सुरू केली. पडद्यावर बसचं चित्र दिसत होतं, ते तिनं पाहिलं आणि पडदा हळूच स्वतःकडे वळवून घेतला. ह्यांना काही दिसलं नाही. मला तिनं सोडवलं होतं. आता गोधडी पिशवीत घालायची, घरी जायचं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण घरी जाऊन काय? रोज दोन पानं झाली म्हणायचं आणि जन्मभर तिसऱ्या वळणावर लटकायचं? मला एकदम राग आला. ह्यांचा नाही, माझाच. तीस वर्षं पोरांना दरडावलं, उभं राहून मोठ्यानं सांग, आणि मी बसून पुटपुटतेय.

"मी लिहीत नाही," मी म्हणाले. आवाज वर्गातला लागला, शेजारच्या गिऱ्हाइकानंही वळून पाहिलं. "एक पानही लिहिलेलं नाही. मी यावर बस चालवते. शाळेतही चालवायची, तुमची गाडी यायच्या आधी. मला तो काळा लॅपटॉप पाहिजे होता."

हे माझ्याकडे बघत राहिले. जामखेडभर सांगत फिरलेला माणूस. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. भाजीवालीची कोथिंबीरसुद्धा आठवली.

शेवटी ते म्हणाले, "कुठल्या रूटला?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग मी म्हणाले, "घाटाच्या."

"दाखीव."

आपानं तोच गेम काळ्या लॅपटॉपवर लावून दिला. मी खुर्चीत बसले. गाडी निघाली. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. काही अडखळलं नाही. मागून ह्यांचा श्वास ऐकू येत होता. "गिअर खाली घे," ते एकदम म्हणाले. "आगं चढ हाय! हॉर्न दे वळनावर, हॉर्न!" मी हॉर्न दिला. वरच्या थांब्यावर गाडी लावली तेव्हा आपानं टाळी वाजवली.

"कवापासून येतंय तुला हे?" हे म्हणाले.

"तुमच्याच केबिनमध्ये बसून शिकले. बघून बघून."

त्यांनी काळा लॅपटॉप जवळ ओढला. आपाकडे वळून म्हणाले, "चूक माझीच. रिक्षाला ट्रेलर वढायला लावला. ह्योच द्या."

वर थोडे पैसे घेऊन आपानं बदलून दिला. चंदेरीच्या झाकणावरचं स्वस्तिक पुसता पुसता म्हणाली, "ओटी भरून माहेरी पाठवलीत की हो हिला." तो तिनं आपल्या मुलीच्या अभ्यासाला ठेवून घेतला. गोधडी मात्र मागून घेतली. दुकानातल्या मांजरीला.

घरी आल्यावर ह्यांनी आधी स्वतः बसून बघितलं. बोटं बटणांवर ठरेनात. पायानं ब्रेक शोधत राहिले आणि पहिल्याच पुलावरून गाडी ओढ्यात घातली. भिंतीवरच्या प्रशस्तिपत्राकडे बघायची त्यांना चोरी झाली. मी हसू दाबत होते. ते खुर्चीवरून उठले, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"घरात एक डायवर बास हाय," म्हणाले. "चालीव तू."

तेव्हापासून रोज दुपारी जेवणं झाली की आमची गाडी निघते. हे डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसतात, माझ्या प्रत्येक ओव्हरटेकला नाव ठेवतात आणि थांब्यावर माणसं चढली की कंडक्टरच्या घंटीसारखं टेबलावर दोनदा टकटक करतात. आठवणींचंही मी मनावर घेतलं. सकाळी तासभर, त्याच लॅपटॉपवर. ही त्यांतलीच पानं आहेत, भाजीवालीला तोंड दाखवायला तरी.

परवा आम्ही ऐन घाटात होतो. पाऊस लागला होता, समोरून ट्रक येत होता, आणि माझा फोन वाजला. हात सुटेना. ह्यांनी उचलला. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या बाई होत्या. पुस्तक कुठवर आलं ते विचारायला फोन केला असावा. मी कान टवकारले. आता हे काय सांगतात?

"बाई गाडीवर हायेत," हे अगदी ठसक्यात म्हणाले. "खाली उतरल्यावर करतील फोन."

फोन खाली ठेवून त्यांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. मी वळणावर हॉर्न दिला.