दुसरी सीडी

मी पाणीचोरीविरुद्ध, फुटपाथ बळकावणाऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहितो. चोर कोण, हे मला पहिल्याच ओळीत ठाऊक असतं. या वेळी सिनेमावर लिहितोय, आणि ठाऊक नाही.

लहानपणी कोपरीत आम्ही एका रोबोचा सिनेमा भाड्याने आणलेला. दोन सीडींचा. पहिली संपली तेव्हा रोबो पृथ्वीवर एकटा पडलेला. दुसरी चालतच नाही, असं ताई म्हणाली आणि पुढची गोष्ट तिनेच सांगितली. रोबो आमची खाडी ओलांडून पलीकडे कळव्याला येतो आणि तिथेच राहतो. पुढे कित्येक वर्षं कळव्याच्या पुलावरून जाताना मी खाली बघायचो.

परवा त्याचा सिक्वेल बघायला ताईला घेऊन मॉलमध्ये गेलो. सुरुवातीलाच रोबोची कबर! मी खवळलो. "धंद्यासाठी मारला त्याला! यांच्यावर पत्रकच काढतो."

"अरे हळू बोल," ताई म्हणाली. "तो जुन्यातच मेलेला. दुसरी सीडी चालत होती रे. मी आधी एकटीने बघितली."

"म्हणजे खोटं बोललीस?"

"मग काय! तू रडून घर डोक्यावर घेतलं असतंस."

सिक्वेल म्हणजे नुसते स्फोट होते, हे मी लिहून देतो. पण जुना सिनेमा खरा होता, हे कोणत्या तोंडाने लिहू? मी तर तो अर्धाच पाहिलाय.

ताईला कळव्याला तिच्या घरी सोडायला निघालो. "आता बघायचाय उरलेला?" तिने विचारलं. पूल आला आणि मी खाली बघितलं. तीही बघत होती.