मेळघाटातला वणवा आणि आमची जीप

उन्हाळ्यात मेळघाट पाहायला कोणी जात नाही. लोक जातात श्रावणात, चिखलदऱ्याचं धुकं अंगावर घ्यायला. वैशाखात तिथं सागाला पान नसतं, नाले आटून पांढरी वाळू उघडी पडते, आणि एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर नजर टाकली तरी हिरवं म्हणून काही दिसत नाही. आम्ही दोघी गेलो ते ऐन वैशाखात. शिक्षिकांना सुट्टी तेव्हाच मिळायची.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवत होते. वडील कापडगिरणीत कामाला. छप्पन साली आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मॅट्रिकला होते. घरात शिकलेली आणि पगार आणणारी पहिली मुलगी मीच. माझी मैत्रीण उर्दू शाळेत शिकवायची. अमरावतीला ट्रेनिंगच्या वेळी आम्ही एका खोलीत राहिलो होतो. तिच्या वडिलांची अकोल्यात लाकडाची वखार होती आणि वखारीत लष्कराच्या लिलावातून घेतलेली जुनी जीप. आवारात ती जीप मागंपुढं करता करता मैत्रीण चालवायला शिकली, मग तिनं लायसन काढलं. अकोल्यात मोटार चालवणारी दुसरी बाई मी तरी तेव्हा पाहिली नव्हती.

मेळघाटचं तिनंच काढलं. अकोटवरून जंगलात शिरायचं, हरिसाल, सेमाडोह करत चिखलदरा गाठायचा आणि परतवाड्याला उतरून अमरावतीवरून घरी यायचं. तिच्या वडिलांचा लाकडाच्या निमित्तानं त्या जंगलात राबता होता. ते एवढंच म्हणाले, "घाट उतरते वक्त गाडी गेअर में रखना, बेटा."

आमच्या घरी माय म्हणाली, "दोघीच पोरी जाऊन राहिल्या. लोकं काय म्हनतीन?"

वडील जेवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "म्हनू दे. लोकायनं शिकोलं का तिले?"

पोपटखेड मागं पडलं आणि रान सुरू झालं. रस्ता मातीचा, त्यावर वाळल्या पानांचा थर. जीप पुढं गेली की मागं पानं उडायची आणि बराच वेळ हवेत राहायची. एका डबक्यापाशी रानगवे पाणी पीत होते. मैत्रिणीनं इंजिन बंद केलं. त्यातल्या थोरल्यानं मान वर करून आमच्याकडं असं पाहिलं, जणू आम्हीच त्याच्या वावरात शिरलो होतो. सगळे पाणी पिऊन टेकाडावर चढले तेव्हाच तिनं जीप पुन्हा चालू केली.

खटकाली ओलांडून बरंच पुढं गेलो तेव्हा जळका वास आला. वळणावर खाकीतला एक नाकेदार, म्हणजे जंगलाचा राखणदार, हात आडवे करून उभा होता. सोबत पाच-सहा कोरकू बायामाणसं.

"मांगं फिरा बाई. पुढं वणवा लागला."

"किती दूर?" मैत्रिणीनं विचारलं.

"त्या टेकडीच्या पल्याड. इकडंच येऊन राहिला. या रस्त्यावर अडवला तं अडवला. इकडल्या अंगाले सारा बांबू हाये, त्यात शिरला तं मंग आवरत नाही." त्यानं जीपमध्ये डोकावून पाहिलं. "मानसं कमी पडून राहिली. तुमच्या डायवरले पाठोता का गावाकडं?"

"डायवर मीच हाये," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू उतर. तुह्या जागेवर दोन मानसं बसतीन."

मी उतरले. जीप तिथल्या तिथं फिरवून ती मागच्या वस्तीकडं गेली.

नाकेदारानं मला रस्त्याच्या कडेची पानं ओढायला लावलं, म्हणजे आग आली तरी तिला तिथं खायला काही मिळू नये. मी पदर खोचला आणि हातानं, फांदीनं, जमेल तसा पाचोळा मागं ओढू लागले. एका कोरकू बाईनं नाल्यातून जांभळीच्या ओल्या फांद्या तोडून आणल्या आणि एक माझ्या हातात दिली. तिला मराठी येत नव्हती, मला कोरकू. ज्वाळेवर फांदी कशी दाबायची ते तिनं करून दाखवलं. टेकडीवरून आग उतरताना दिसली तेव्हा मला वाटलं होतं तशी ती उंच नव्हती. गुडघाभर होती, पण साऱ्या उतारभर पसरलेली, आणि तिचा आवाज कढईतल्या फोडणीसारखा एकसारखा येत होता.

जीप आली ती माणसांनी लगडलेली. बॉनेटवर माणसं, पायरीवर माणसं. तेवढ्यानं भागेना. दुसरी वस्ती पुढं होती, आगीच्या अंगाच्या रस्त्यानं.

"तिकडं धूर लय हाये," नाकेदार म्हणाला.

"रस्ता सरळ हाये ना?"

"सरळ हाये."

तिनं ओढणी पाण्यात भिजवून नाकातोंडाला बांधली, दिवे लावले आणि धुरात शिरली. जीप दिसेनाशी झाली. पण ती हॉर्न दाबत होती, थांबून थांबून, आणि तो मला ऐकू यावा म्हणून आहे हे मला न सांगता कळलं. मी फांदी मारत होते आणि कान तिकडं लावून होते. हॉर्न लांब गेला, मग बंद झाला. तेवढा वेळ मी आयुष्यात विसरले नाही. पुन्हा तो ऐकू आला तेव्हा शेजारच्या त्या कोरकू बाईनं माझ्या पाठीवर थाप मारली.

जीप दुसऱ्या वस्तीतली माणसं घेऊन धुरातून बाहेर आली, आणि माणसं पुरेशी झाली. नाकेदारानं रस्त्याच्या कडेनं आपल्या हातानं उलटी आग लावली. ती वर चढत गेली, वरची खाली येत होती, आणि मधल्या उतारावर दोन्ही आगी एकमेकींना भिडून विझल्या. उरलेल्या ठिणग्या आम्ही संध्याकाळपर्यंत झोडपत होतो. बांबूचं रान वाचलं.

दुधी भोपळ्याच्या वाळल्या तुंब्यातून पाणी आलं. कोरकू बाई प्याली, मैत्रीण प्याली, मी प्याले, नाकेदार प्याला. लहानपणी शाळेत मला वरून ओंजळीत पाणी घालत. इथं कोणी कोणाला काही विचारलं नाही.

रेंजर साहेब आले ते घामानं भिजून, सायकल ढकलत. विझलेला उतार पाहून त्यांनी विचारलं, "एवढी माणसं आणली कोणी?"

नाकेदारानं मैत्रिणीकडं बोट दाखवलं. "या बाईनं, साहेब. धुरातून आनली." मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "आन् या बाईनं आमच्या बरोबरीनं आग मारली."

साहेबांनी आमच्यासाठी विश्रामगृह उघडायला लावलं. तिथं चहा आला तेव्हा मैत्रिणीला कप धरता येईना. स्टिअरिंग आवळून तिची बोटं आखडली होती. मी कप तिच्या तोंडाशी धरला आणि ती हसायला लागली, तशी मीही.

दुसऱ्या दिवशी चिखलदऱ्याला गेलो. कड्यावर बसून दरी पाहिली, परतवाड्याचा घाट गेअरमध्ये उतरलो. अमरावतीला आमच्या जुन्या खोलीपर्यंत जाऊन आलो. तिथं नव्या मुली राहत होत्या. जीप पाहून त्या गोळा झाल्या आणि मैत्रिणीनं त्यांना एक चक्कर मारून आणली.

अकोल्यात वखारीशी उतरलो तर तिचे वडील जीपभोवती फिरले. डाव्या बाजूचा रंग फुगून फोड आले होते.

"ये क्या हुआ?"

तिनं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी वखारीतल्या माणसांना हाक मारली, त्यांना बसवलं आणि तिला म्हणाले, "अब फिर से बता. शुरू से."

आमच्या घरी तेच झालं. वडिलांनी गिरणीत जाऊन सांगितलं, "माह्या पोरीनं मेळघाटचा वणवा इझोला." वणवा साऱ्यांनी मिळून विझवला, असं मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही फार आग्रह धरला नाही.