दहाव्या माणसाचं नख

माझे काका टोमॅटोला घाबरायला लागले तेव्हा मी हसलो होतो. काका म्हणजे वडिलांचे सर्वांत धाकटे चुलतभाऊ, वय शहात्तर, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. पनवेलच्या जुन्या बाजारामागे एका बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. काकी गेली, मुलगी लग्न होऊन इस्राएलला. सोबतीला मोबाईल, आणि तो मोबाईल रोज सकाळी त्यांच्या पानातलं एकेक काढून घ्यायचा. टोमॅटोच्या बियांनी मूतखडे होतात. फ्रिजमधल्या कणकेने आतडी सडतात. उभ्याने पाणी प्यायलं तर गुडघे जातात, आणि पुढच्याच आठवड्यात, बसून प्यायलं तर पोटात साचतं. मग पाणी प्यावं कसं, ते कुणी कळवलं नव्हतं. काका काही दिवस भिंतीला टेकून पीत होते.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे कोकणातले, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. आमची निम्म्याहून जास्त माणसं केव्हाच तिकडे गेली आणि उरलेल्यांना एक खोड लागली. तिकडून आलेली कुठलीही गोष्ट आम्हाला सरस वाटते. खजूर आणि बदाम यांच्या बाबतीत ते मी समजू शकतो. पण तळव्याला कांदा बांधून झोपा हा सल्ला तळोज्याच्या शेजाऱ्याने दिला असता तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. तोच इस्राएलातल्या दिमोनाहून आला तर घरोघर कांदे चिरले जातात. एका हिवाळ्यात मी स्वतः माझ्या फ्लॅटमध्ये कांदा बांधून झोपलोय. बायको दुसऱ्या खोलीत गेली.

काकांची मुख्य भीती मात्र हृदयाची. छातीत जड वाटतं, म्हणायचे. मी त्यांना तीनदा डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं. सगळं ठीक. रिपोर्ट चांगले आले की काकांची काळजी आणखी वाढायची. "मशिनला सापडलं नाही याचा अर्थ ते खोल असणार," असं ते शांतपणे सांगायचे. गणिताच्या मास्तरांशी वाद घालणं अवघड असतं, कारण त्यांची प्रत्येक पायरी बरोबर असते, फक्त पहिली चुकलेली असते.

हे सगळं मी गमतीवारी नेलं असतं. पण शनिवारचा प्रश्न होता. आमच्याकडे दहा पुरुष जमले तरच पूर्ण प्रार्थना होते. तरच तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढतात, तरच गेलेल्या माणसांसाठी कद्दीश म्हणता येतो. नऊ जमले तर ते सिनेगॉगमध्ये बसलेले नऊ म्हातारे, बस. पनवेलमध्ये एके काळी उशिरा येणाऱ्याला बसायला जागा मिळत नसे. आता सगळे धडधाकट असले तर बरोबर दहा होतो. त्यात काका होते. आणि काकांच्या बाजूने पाहिलं तर आठवड्यातून तेवढ्या एका सकाळी तो माणूस माणसांत यायचा, दाढी करून, पांढरा शर्ट घालून, शब्बाथ म्हणजे आमचा विश्रांतीचा वार, म्हणून रिक्षा न करता पायी. ते जिना चढायला घाबरून एकदोन शनिवार चुकवायला लागले तेव्हा मी ठरवलं, आता यांना बरं करायचं.

माझा उपाय असा. एक इतका मूर्ख मेसेज लिहायचा की तो वाचून कुणालाही सगळ्याच मेसेजांचं हसू यावं. मी तीस वर्षं वीज खात्यात कारकुनी केली, नोटिसा लिहिण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी लिहिलं : "सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, उजव्या अंगठ्याचे नख दाबून सोडल्यानंतर तीन आकडे मोजेपर्यंत ते पूर्ववत गुलाबी न झाल्यास हृदयाच्या नळीत अडथळा असल्याचे समजावे व त्या दिवशी जिना चढू नये. याची नोंद घ्यावी." नखाचं कुठून सुचलं तर ऑफिसात एकदा प्रथमोपचाराचा वर्ग झाला होता, त्यात काहीतरी अर्धवट ऐकलं होतं. मला ते फार विनोदी वाटलं. आधी दाद मिळवावी म्हणून मी ते दिमोनाच्या मावसभावाला पाठवलं. तो हसला. त्याची बायको हसली नाही. तिने ते पुढे पाठवलं.

पाच दिवसांनी माझी नोटीस परत आली. आता तिच्यावर एका पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो होता, त्याचे दात कोटापेक्षा पांढरे, आणि खाली, "इस्राएलमधील अश्दोदच्या हृदयरोगतज्ज्ञांचा इशारा." मी काकांना हसवायला पाठवणार त्याच्या आत ती त्यांच्याकडे पोचली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही नऊ होतो. आमच्याकडे माणसं मोजत नाहीत, म्हणून मी टोप्या मोजल्या. टोप्याही नऊच. शिवाय त्या नऊ टोप्यांखाली सहाजण मांडीवर हात ठेवून गुपचूप अंगठा दाबत होते. मोबाईलला शब्बाथच्या दिवशी बंदी, नखाला नाही.

मी काकांकडे गेलो. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी दार उघडलं. त्या पनवेलजवळच्या गावातून येतात. म्हणाल्या, "बरं झाला आलात. आठ दिस झालं, काका खाली उतरलं नाय. सारखा अंगठा धरून बसतान. मी म्हनलं, माजा बी नख पांढरा होते, मी काय मरतंय? तर मलाच म्हनतात, तुमी पन जपा."

काका खिडकीशी बसले होते. त्यांनी मला नियम समजावला. उतरण्यात धोका नाही. पण उतरलेल्याला परत चढावं लागतं. म्हणून उतरायचं नाही.

"काका," मी म्हटलं, "हे मी लिहिलंय."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, ज्या नजरेने ते वर्गात कॉपी करणाऱ्याकडे बघत असतील. "तू वीज खात्यात होतास."

"म्हणूनच. ही भाषा बघा. सर्व संबंधितांना, याची नोंद घ्यावी. अश्दोदचा डॉक्टर असं लिहील?"

"जबाबदार माणूस असंच लिहितो," काका म्हणाले. "आणि तू लिहिलंस तर त्या डॉक्टरचा फोटो कसा आला?"

मी माझ्या फोनवरचा मूळ मेसेज दाखवला. त्यांनी तारीख पाहिली, मग मायेने म्हणाले की तुलाही तिकडूनच आला असेल, तुझ्या लक्षात नसेल, या वयात होतं. मला एकाहत्तरावं चालू आहे. मी इतका चिडलो की दोन जिने उतरेपर्यंत स्वतःशी बडबडत होतो. खरं तर मला दुखावलं होतं ते वेगळंच. मी शपथेवर खरं सांगत होतो तेव्हा माझी किंमत शून्य होती, आणि थापा मारल्या तेव्हा मी तज्ज्ञ होतो.

तीन शनिवार नऊ टोप्या. चौथ्या आठवड्यात मी जे केलं ते रागाच्या भरात केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, व्यवस्थित बसून केलं. मी दुसरी नोटीस लिहिली. "यापूर्वीच्या इशाऱ्यात त्रुटी राहून गेल्याचे निदर्शनास आले आहे. नख पांढरे राहिल्यास जिना टाळू नये, उलट दररोज चढावा व उतरावा. सकाळी पायी चालावे. छातीत जडपणा जाणवल्यास तो साचलेला वारा समजावा. चालल्याने तो निघून जातो." शेवटची दोन वाक्यं मी खास काकांसाठी घातली. त्यांचे तिन्ही रिपोर्ट मी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणून निर्धास्त होतो. तोच दातवाला डॉक्टर वर चिकटवला आणि मावसभावाला सांगितलं, काकांच्या मुलीकडून जाऊ दे. मुलीने पाठवलं. काळजी करणारी मुलगी आहे, तिने वर "बाबा, नक्की करा" असंही लिहिलं.

दोन दिवसांत ताईंचा मला फोन. काका खाली उतरले. कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, परत येऊन त्यांना चहा करायला सांगितला आणि चहा उभ्यानेच प्यायले. मी घरी सगळ्यांना ऐकवलं की बघा, विष कसं विषाने उतरवतात. बायको म्हणाली, कांद्याचं काय झालं होतं आठवतं ना. मी लक्ष दिलं नाही.

शनिवारी काका आले. पांढरा शर्ट, गुळगुळीत दाढी. दहा टोप्या झाल्या. कितीतरी दिवसांनी तोरा बाहेर निघाली आणि मला वाटलं हे सगळं माझ्यामुळे झालं, आणि ते खरंही होतं. प्रार्थना अर्धी झाली असेल तेव्हा माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं. पंखा डोक्यावर होता आणि त्यांच्या शर्टाची कॉलर भिजली होती. डाव्या हाताने ते जबडा चोळत होते. मी सरकून जवळ गेलो आणि विचारलं काय होतंय.

"वारा," ते हळूच म्हणाले. "चालल्याने जाईल."

आणि उठून बाहेर गेले. दारातून मला दिसत होतं, ते अंगणात फेऱ्या घालत होते, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, हात पाठीमागे बांधून, पर्यवेक्षण करणाऱ्या मास्तरांसारखे. मी लगेच धावत गेलो असं मला लिहायचं आहे. मी दोन फेऱ्या बघत उभा राहिलो. जगात असला वारा नसतो हे नक्की माहीत असलेला तिथे मी एकटाच होतो, तरी मीही क्षणभर वाट पाहिली की जातोय का. तिसऱ्या फेरीला ते भिंतीला हात टेकून थांबले. मग आम्ही शब्बाथ असूनही रिक्षा केली. जिवाचा प्रश्न असला की चालतं.

त्यांची एक नळी खरंच बंद होती. तिच्यात स्टेंट बसवला. जुन्या रिपोर्टांत काही दिसलं नव्हतं, आणि मधल्या काळात ते चालू झालं असेल, असं डॉक्टर म्हणाल्या. रविवारी त्या तपासायला आल्या तेव्हा मी खाटेशी होतो. त्यांनी विचारलं, दुखायला कधी लागलं. काका म्हणाले, शुक्रवारी दुपारी.

"अहो मग शुक्रवारीच का नाही आलात?"

काकांनी उशाखालून मोबाईल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, पहिल्या शब्दापासून. आमच्या साहेबांसमोर वाचलं जायचं तसं. "साचलेला वारा समजावा" इथे त्या थांबल्या. "कोण लिहितं हो हे? एकदा समोर आला पाहिजे हा माणूस."

मी समोरच होतो. हातात मोसंबीचा रस होता. मी त्या ग्लासात बघत राहिलो.

"तिकडून आलंय," काका म्हणाले.

डॉक्टर मोबाईल परत देऊन मान हलवत पुढच्या खाटेकडे गेल्या. काकांनी तो मेसेज पुन्हा वरपासून वाचला. मग म्हणाले, "दोन्ही तूच लिहिलेस ना?"

"पहिला मी सांगितला होता तुम्हाला."

"तेव्हा पटलं नव्हतं. दुसरा आला आणि पटलं. त्यातलं छातीतलं जडपण माझं होतं. ते मी तू आणि डॉक्टर सोडून कुणाला सांगितलंय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. "माहीत होतं तर आलात कशाला चालत? दुखत असताना फेऱ्या कशाला घातल्या?"

काकांनी मोबाईल परत उशाखाली सरकवला. "किती महिने रोज कुणीतरी सांगत होतं मी मरणार म्हणून. तू पहिला, ज्याने लिहिलं की काही नाही, वारा आहे. म्हटलं, असू दे हे एक खरं."