मस्कतकाकांचं पारायण

मस्कतकाकांइतका आशावादी माणूस मी पाहिला नाही. पुणेकरांना घाबरवता येईल असं त्यांना खरोखर वाटायचं! सारी नोकरी मस्कतला हिशेबनीस म्हणून झाली, अरबी तिथेच शिकले आणि निवृत्त होऊन नारायण पेठेत आमच्या इमारतीत आले ते एक अरबी कादंबरी काखोटीला मारून.

कादंबरी एका भयंकर राज्याची. गिऱ्हाईक दाढी करून घेताना काय कुरकुरतं, ते न्हाव्याने संध्याकाळी चौकीवर कळवायचं असा तिथे हुकूम. एक न्हावी मात्र रोज कळवतो, "आज सगळे हवेबद्दलच बोलले."

"लिहिणारा माझा मित्र. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायचा," काका सांगत. "याच पुस्तकापायी मायदेशी तुरुंगात पडलाय. कुठेतरी, कुणीतरी ते शेवटपर्यंत ऐकलं पाहिजे हो!"

म्हणून दर गुरुवारी गच्चीवर वाचन. अरबीत बघायचं आणि थेट मराठीत सांगायचं. भिंतींना खरेखुरे कान, रातोरात गायब होणारे शेजारी, सगळं काकांनी आवाज खाली आणून सांगितलं. तळमजल्यावरच्या लेले आजींनी शांतपणे विचारलं, "पाणी किती वेळ येतं तिथे?"

"चोवीस तास."

"मग एवढं रडायला काय झालंय त्यांना?"

काकांनी कपाळाला हात लावला.

पण न्हाव्यावर आजींचा भारी जीव जडला. पुढच्या गुरुवारी पुस्तक चौरंगावर, त्यावर झेंडूचं फूल, अध्याय संपला की शिरा. "अहो आजी, ही पोथी नव्हे, राजकीय कादंबरी आहे," काका कळवळले. "असू दे. सुरू केलंत ना? पारायण अर्धवट सोडायचं नसतं."

सोसायटीच्या अध्यक्षांकडे कुणीतरी चुगली केली, की गच्चीवर हुकूमशहाला नावं ठेवतात. तो हुकूमशहा आपणच, ही त्यांची खात्री! तणतणत वर आले. चौरंग दिसला तशा चपला काढल्या, हात जोडले, शिरा दोनदा घेतला आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणत उतरले. काका हसून हसून बेजार झाले.

शेवटचा अध्याय राहिला आणि काका गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मला फार लागलं ते, अजून लागतं.

तेरावं झाल्यावरच्या गुरुवारी आजींनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मला अरबी ओ की ठो कळत नाही. फोनने पानाचा फोटो काढला की तो मोडकंतोडकं मराठी करून देई. ते सरळ करत करत मी वाचलं. न्हाव्याला पकडून नेतात. दुकानाला कुलूप लागतं. कादंबरी तिथेच संपते.

काहीतरी करायचं म्हणून मी शिऱ्याच्या पातेल्याकडे हात नेला, तर आजींनी झाकण घट्ट दाबून धरलं.

"शिरा नाही. पहिलं पान काढ. तो सुटेपर्यंत वाचायचं."