शंखातला भाडेकरू

जपानात ग्योतोकुला आमच्या शेजारच्या जपानी आजोबांनी मला फसवलं. काहीही विचारा, ते दातांतून हवा ओढतात.

"डबाभर चिवडा घ्या, तुमच्या दारातला तो मोठा शंख द्या," मी म्हणालो. सुस्स! "बरं, दोन डबे!" सुस्स! तिसऱ्या डब्याला त्यांनी वाकून शंख दिला. मी खूश.

सकाळी देवघरात पाहतो तर त्यातून खेकडा निघून आईने दिलेल्या पूजेच्या शंखात शिरलेला!

मी तणतणत गेलो. आजोबा काकडी घेऊन आले आणि खेकड्यापुढे वाकले. "शंख समुद्री गोगलगाय बांधते. हा भाडेकरू. नवं घर, अभिनंदन!"

बायको म्हणाली, "अहो, हवा ओढणं म्हणजे इथे नकारच."

मग तोंडाने सांगायचं ना! आता आरतीला शंख कोण देणार, आजोबा की खेकडा?