महासंगमातल्या खिडक्या

चित्रकथांच्या त्या कचेरीत सगळे तिला रंगाबाई म्हणत. चित्रकार काळ्या रेघांत पान काढून द्यायचा आणि रंग भरायचे ते हिने. आधी ब्रशने, आता कॉम्प्युटरवर. हात गोड, जीभ मात्र तिखट. पानं उशिरा देणाऱ्या चित्रकाराची ती अशी बिनपाण्याने करायची की पुढचं पान तो न मागता आणून ठेवायचा.

त्या वर्षी मालकांनी पुन्हा महासंगम काढायचं ठरवलं. म्हणजे वेगवेगळ्या मासिकांतले महानायक एकाच कथेत कोंबायचे आणि वाचकाला सगळे अंक विकत घ्यायला लावायचे. महासंगम म्हटलं की रंगाबाईच्या डोक्यात तिडीक जायची, कारण त्यातले बळीचे बकरे ठरलेले असत: ठिणगीवाले. कथेतल्या या लोकांच्या अंगात जन्मतःच काहीतरी शक्ती असायची. कुणाचा तळहात उजळे, कुणाला भिंतीपलीकडचं ऐकू येई. शक्ती महानायकातही होतीच की! पण त्याला तिच्याबद्दल पुतळे आणि यांना छावण्या. तो आभाळातून आलेला आणि हे शेजारच्या घरात जन्मलेले, एवढाच काय तो फरक. दर महासंगमात ते ढिगाने मरायचे आणि महानायक एक अश्रू ढाळून पुढच्या अंकाला मोकळा व्हायचा.

यंदाच्या पानावर सैनिक मध्यरात्री ठिणगीवाल्यांची अख्खी गल्ली ट्रकमध्ये भरत होते. महानायक गच्चीवर उभा, गालावर अश्रू. समोरच्या इमारतींच्या खिडक्या अंधाऱ्या, कारण लोक झोपलेले. हे लिहिताना आपणच रडलो, असं तरुण लेखक कौतुकाने सांगत होता. एका हाताने पूल उचलणाऱ्याला ट्रक का अडवता येत नाही, असं रंगाबाईने त्याला विचारलं. कायद्याने त्याचे हात बांधलेत, असं उत्तर आलं. मग निदान ट्रकमधल्या एखाद्याच्या तोंडी एक वाक्य तरी द्या, म्हणून ती संपादकांकडे गेली. वाचक नायकासाठी रडतो, गर्दीसाठी नाही, असं म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं.

रंगाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेघा तिच्या हातात नव्हत्या, शब्दही नव्हते. रंग होते. जागेवर येऊन तिने ते पान उघडलं आणि समोरच्या सगळ्या खिडक्यांत पिवळा उजेड भरला. पडदे होते तिथे पडद्यामागून भरला. आता पानावर कुणीही झोपलेलं नव्हतं.

पान छपाईला जाण्याआधी संपादकांनी तिला बोलावलं. लेखकही तिथेच होता. संपादक माणूस वाईट नव्हता. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनीच तिला भरपगारी रजा दिली होती. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "बाई, लोक झोपलेत ना? जागे असते तर खाली आले नसते का?"

इतक्या वर्षांत रंगाबाईने माहेरचा विषय कचेरीत कधी काढला नव्हता. आज काढला. ती लहान असताना तिची माणसं धोकादायक ठरवली गेली होती. अंगात शक्ती कसली, वडील शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. रात्रीत गल्ली रिकामी केली. ती ट्रकच्या मागच्या टोकाला आईच्या मांडीवर बसली होती.

"झोपलं कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "सगळ्या खिडक्यांत दिवे होते. ट्रक हलला तसे त्यांनी एकेक करून विझवले. शेवटचा आमच्या शाळेतल्या बाईंचा."

संपादक हळूच म्हणाले, की वाचकांना वाटेल आपण त्यांनाच बोल लावतोय.

"त्यांनाच लावतेय."

संपादकांनी लेखकाला खिडक्या काळ्या करायला सांगितल्या. लेखकाने मान खाली घातली, पण कॉम्प्युटरचं पेन हातात घेतलं नाही. शेवटी संपादक स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले आणि एकेक खिडकी विझवू लागले. रंगाबाई त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून पाहत होती.

"शाळेतल्या बाईंचं मी समजून घेतलं होतं, घाबरल्या असतील," ती म्हणाली. "तुम्हाला कुणाची भीती आहे?"

संपादकांनी पुढची खिडकी विझवली. अजून वरच्या मजल्यावरच्या खिडक्या राहिल्या होत्या.