पूजेच्या झब्ब्यात कड्यावर

रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, काय घालून जावं हे मला कुणी विचारत नाही. विचारलंच तर एवढं सांगेन, की दिवाळसणाला सासऱ्यांनी दिलेला सिल्कचा झब्बा घालून जाऊ नये.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि आम्ही गिरगाव सोडून मीरा रोडला नव्या बिल्डिंगीत राहायला आलो होतो. बायकोने पहिल्याच महिन्यात वचन घेतलं होतं, दोरावर लटकायचं बंद. मी हो म्हणालो. तेव्हा मी तिच्या सगळ्यालाच हो म्हणायचो.

पुढे ऑफिसातल्या मित्रांनी काशिमिऱ्याच्या पलीकडची एक बंद दगडखाण शोधून काढली. आमच्यासारख्या चारमजली बिल्डिंगी एकावर एक तीन ठेवल्या तरी वर थोडी जागा उरेल, एवढा तिचा कडा. रविवारी जायचं ठरलं. मी घरी सांगितलं, मोरव्याला मित्राकडे सत्यनारायण आहे.

"मग बाबांनी दिलेला झब्बा घाला ना," म्हणून तिने तो इस्त्री करून हातातच ठेवला. आता पूजेला झब्बा नको, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? दुसरे कपडे पिशवीत घ्यावेत, तर पूजेला पिशवीभर कपडे कशाला? निघालो तसाच, बदामी सिल्कमध्ये.

खाणीवर माझं स्वागत झालं. "काय रे, कड्याची वास्तुशांत आहे का आज?"

आमचा लीडर मात्र हसला नाही. डोंगरावर चढण्या-उतरण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला तो एकटाच. "झब्बा काढ. लोंबणारं काही चालत नाही," तो म्हणाला.

काढला असता. पण आत भोकांचं बनियन होतं आणि ऑफिसातल्या दोन मुली समोर उभ्या होत्या. "लेंग्यात खोचतो ना! मी काय पहिल्यांदा उतरतोय?" मी म्हणालो, आणि खोचला.

रॅपलिंगमध्ये कमरेच्या पट्ट्याला आठाच्या आकड्यासारखं एक कडं असतं. दोर त्यातून सरकतो, म्हणून माणूस हळूहळू खाली येतो. दोराबरोबर दुसरं काही आत ओढलं गेलं, की सगळं जाम. पहिले तीस-चाळीस फूट मी झोकात उतरलो. एकदा तर वर बघून मुलींना हातही केला. त्या हात करण्यात झब्बा सुटला, आणि पुढच्याच झटक्याला त्याचा घोळ त्या आठाच्या कड्यात शिरला. वर जाता येईना, खाली जाता येईना. हनुवटी छातीला टेकली, कारण झब्ब्याचा गळाही त्याबरोबर खाली ओढला गेला होता. डोळ्यांसमोर एक हात अंतरावर काळा दगड. ना आभाळ, ना जमीन.

"काय झालं रे?" वरून आवाज आला.

"काही नाही, जरा थांबलोय."

दहा मिनिटं मी 'जरा थांबलो'. पायांना मुंग्या आल्या. खाली गवत कापणाऱ्या एका बाईचा आवाज घुमत वर आला, "ओ नवरदेव! वरात न्हाय का आनली?"

शेवटी लीडर दुसऱ्या दोरावरून शेजारी उतरला. त्याने माझ्या दोराला बारीक दोरीचा फास बांधला. त्यात पाय ठेवून उभा राहिलो असतो, तर आठाच्या कड्यावरचा भार उतरून कापड सुटलं असतं. तीनदा प्रयत्न केला. पाय माझे उरलेच नव्हते. मग त्याने खिशातून चाकू काढला.

"नको!" मी ओरडलो. "झब्बा कापू नकोस. घरी काय सांगू?"

"घरी जायचंय ना?"

"जायचंय रे, पण सत्यनारायणाला गेलोय मी!"

त्याने चाकू उघडला. मग अगदी सावकाश म्हणाला, "पाय किती वेळापासून बधिर आहेत? अजून थोडा वेळ असाच लटकलास तर घरी तुला आम्हीच नेऊ. खांद्यावरून."

तिथे पहिल्यांदा मला भीती वाटली, आणि तिच्याहून जास्त लाज. इतका वेळ मी जिवाची नाही, कापडाची काळजी करत होतो.

"काप," मी म्हणालो.

दोराला धार लागू नये म्हणून त्याने आपला तळहात मध्ये धरला आणि पुढचा सगळा घोळ कापून टाकला.

परतताना मी गोष्ट रचली. आरतीच्या वेळी समईवर झब्बा पेटला, म्हणून कापला. मला ती बरी वाटत होती. बायकोने दार उघडलं आणि माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग कापलेली कड चिमटीत धरून नाकाजवळ नेली.

"जळल्याचा वास नाही येत," ती म्हणाली.

मागे बंद दार, पुढे ती. मी सगळं सांगितलं. खाण, कडा, बधिर पाय, खांद्यावरून न्यायची गोष्टसुद्धा. ती ओरडेल म्हणून मी आधीच मान खाली घातली होती. ती ओरडली नाही.

"दोर केवढा जाड असतो?" तिने विचारलं.

मी करंगळी पुढे केली. तिने ती हातात घेतली. "एवढ्यावर लटकला होतात?" ती म्हणाली. आणि करंगळी सोडायलाच तयार नव्हती.